नियम शर्यतीला होते, रस्त्याला नव्हते

लॉस एंजेलिसच्या जुन्या चोरट्या शर्यतींचा विषय निघाला की भले भले हळवे होतात. तेव्हा रात्रीचा रिकामा रस्ता निवडायचे, पाव मैल म्हणजे 402 मीटर मोजून खूण करायचे, दोन गाड्यांच्या मधोमध उभा राहून एक जण इशारा द्यायचा; आजच्यासारखा चौक अडवून गोल गोल गाड्या फिरवण्याचा धिंगाणा नव्हता, असं सांगतात. फरक आहेच. पण ते सगळे नियम शर्यत चोख व्हावी म्हणून होते. आडव्या गल्लीतून गाडी बाहेर काढणाऱ्याला त्यांची गंधवार्ताही नसे. हिशेब मांडून पाहा. ताशी 160 किलोमीटरला गाडी सेकंदाला 44 मीटर कापते. समोरचं दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच सेकंदभर जातो; मग कोरड्या रस्त्यावर, टायर चांगले असले तरी, थांबायला आणखी सव्वाशे-दीडशे मीटर लागतात. ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे अशा सरळ शर्यतींसाठीच बांधलेल्या ट्रॅकवर, अंतिम रेषेपुढे त्यासाठीच लांबलचक मोकळा पट्टा सोडलेला असतो. रस्त्यावर तिथे पुढचा सिग्नल असतो.

ही प्रथा पोलिसांनीच मोडली म्हणणं अर्धसत्य आहे. वॉली पार्क्स यांनी 1951मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली, तिचा एक हेतूच पोरांना रस्त्यावरून ट्रॅकवर नेण्याचा होता. पुढे विम्याच्या हप्त्यांनी आणि 1973च्या तेलसंकटाने दांडग्या इंजिनांची हौस महाग केली. लॉस एंजेलिसच्याच वॉट्स भागातल्या 1965च्या दंगलीनंतर शर्यतींचे आयोजक बिग विली रॉबिन्सन यांनी वेगवेगळ्या वर्णांच्या पोरांना शर्यतींच्या निमित्ताने एकत्र आणलं. काम मोठंच. पण त्यांनीसुद्धा आयुष्यभर धोशा लावला तो टर्मिनल आयलंडवरच्या ट्रॅकचा, आणि तोही अखेर बंद पडला.

ट्रॅकच उरले नाहीत तर पोरांनी जायचं कुठे, असं कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर सरकारदरबारी मागायचं. भरवस्तीतला रस्ता वापरायची मुभा त्यातून निघत नाही. शिवाय आपल्याकडे सोय अगदीच नाही असं नाही: कोइम्बतूर-चेन्नईला ट्रॅक आहेत, लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. पोराला बाइकची किल्ली देण्याआधी पालकांनी मोटार वाहन कायदा वाचावा. रस्त्यावर शर्यत लावली तर कलम 189 आहेच; पोरगा अल्पवयीन असेल तर 2019च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा वाहनमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो.