लुक्लाला विमान उतरवणे इतके अवघड का?

प्रश्न : एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकला जायचे ठरते आहे, पण लुक्लाच्या विमानप्रवासाला घरचे घाबरतात. तिथे अपघात नेमके कशामुळे होतात?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : घरच्यांची काळजी अनाठायी नाही. सर एडमंड हिलरी यांनी शेर्पांच्या मदतीने 1964 मध्ये बांधलेली ही धावपट्टी जेमतेम 527 मीटर लांब आहे. अलीकडे खोल दरी, पलीकडे उभा डोंगर. शिवाय तिला जवळपास 12 टक्के चढ आहे. वरचे टोक खालच्या टोकापेक्षा सुमारे 60 मीटर उंच, म्हणजे वीस मजली इमारतीएवढे! या चढामुळेच इतक्या कमी जागेत विमान थांबते आणि उड्डाणाच्या वेळी तोच उतार वेग घ्यायला मदत करतो.

पण हा चढ नजरेला फसवतो. चढती धावपट्टी समोर दिसली की विमान गरजेपेक्षा उंच आहे, असे वैमानिकाला वाटते. तो ते आणखी खाली घेतो आणि धावपट्टीच्या अलीकडेच आदळण्याचा धोका तयार होतो. त्यात उंची 2,845 मीटर. हवा विरळ असल्याने जमिनीच्या मानाने विमानाचा वेग समुद्रसपाटीपेक्षा साधारण 15 टक्के जास्त ठेवावा लागतो. एरवी काही चुकले तर विमान पुन्हा वर घेऊन घिरटी मारता येते. इथे शेवटच्या टप्प्यात समोर डोंगरच असल्यामुळे ती सोय नाही.

मग ढग आले की काय होते, हे 8 ऑक्टोबर 2008 रोजी दिसले. ट्विन ऑटर जातीचे विमान दाट धुक्यात धावपट्टीच्या तोंडाशीच आदळून पेटले. 18 जण गेले. वाचले ते फक्त मुख्य वैमानिक. मे 2017 मध्ये एक मालवाहू विमानही खराब हवेत धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले आणि दोन्ही वैमानिक दगावले.

म्हणून इथे खरी सुरक्षितता वेळीच मागे फिरण्यात आहे. दुपारकडे वारा आणि ढग वाढतात, त्यामुळे सकाळचे विमान घ्या. परतीच्या तारखेआधी दोन-तीन दिवस मोकळे ठेवा. उड्डाण रद्द झाले तर काउंटरवर हुज्जत घालू नका. प्रवाशांची घाई वैमानिकाच्या निर्णयावर कधीच येऊ नये.