ते खाकी पाकीट जपून ठेव

अगं, आधी डोळे पूस. आणि कोर्टाची नोटीस आलेलं ते खाकी पाकीट फेकू नकोस, पोस्टाच्या शिक्क्यासकट कपाटात ठेव. कोर्टाच्या कामात 'तुम्हाला कधी कळलं' याला फार किंमत असते आणि तुझ्याकडे त्याचा पुरावा तेवढाच आहे.

काल म्हणालीस, तीन वर्षांत कर्ज मरतं असं सगळेच सांगतात, मग आठ वर्षांनी हे भूत कुठून उठलं? अगं, तीन वर्षं असतात ती बँकेला दावा लावायला. एकदा हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकाल, झाला की वसुलीला बारा वर्षं मिळतात. त्या मुदतीत दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, कधीही येऊ शकते. तुम्ही चाळ सोडून अँटॉप हिलला गेलात, समन्स जुन्या खोलीच्या दारावर लटकलं असेल, निकाल लागला एकतर्फी. समन्स खरंच पोचलं नसेल तर तो निकाल रद्द करून मागता येतो, पण कळल्यापासून तीस दिवसांत. म्हणून याच आठवड्यात वकील गाठ. फक्त एक विचारते, रागावू नकोस. नवऱ्यानं कार्डावर पैसे उचलले होते ना? मग निकाल रद्द झाला तरी दावा पुन्हा पहिल्यापासून चालणार, देणं काही पुसलं जाणार नाही. व्याजाचा आकडा फुगवलाय असं वाटत असेल तर जरूर भांड. नाहीतर तडजोडीचं बघ.

आणि नवऱ्याचा सगळा पगार जाईल ही भीती काढून टाक. पहिले हजार रुपये आणि उरलेल्यातला दोन तृतीयांश भाग जप्तीतून सुटतो. पीएफलाही हात लागत नाही. लोकअदालतीत मिटवायचं ठरलं तर हप्ता झेपेल तेवढाच कबूल करा. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही.

आता आमचं सांगते. आम्हा दोघांशिवाय घरात कुणाला ठाऊक नाही. ह्यांच्या कर्जाचा निकाल लागला तेव्हा मी पाटल्या मोडल्या, बँकेत जाऊन सगळी रक्कम भरली, 'येणे बाकी नाही' असं पत्र घेतलं आणि देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलं. सुटलो म्हणून कात्रक रोडच्या विठोबाला पेढेही ठेवले. पाच वर्षांनी लेकीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलो, तर समोरच्या मुलीनं स्क्रीन आमच्याकडे वळवली. ह्यांच्या नावापुढे 'सूट फाइल्ड', म्हणजे दावा दाखल. बाकीचा रकाना शून्य, पण तो शिक्का तसाच! कोर्टात चौकशी केली तर तिथंही हुकूमनामा न फिटलेला. कारकून बिचारा भला होता. म्हणाला, "भरले असतील हो ताई, पण आमच्या कागदावर कुठे आहेत?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हुकूमनाम्याचे पैसे कोर्टाबाहेर भरले तर तशी नोंद कोर्टात व्हावी लागते. नाहीतर दरखास्त चालवणारं कोर्ट ती फेड धरतच नाही. आपण अर्ज करायचा तर तीस दिवसांची मुदत. ती उलटून गेली होती, म्हणून मी बँकेच्या वकिलाच्या मागे लागून बँकेकडूनच फेडीची पुरशिस, म्हणजे पैसे मिळाल्याचं लेखी निवेदन, कोर्टात दाखल करून घेतली. फोर्टला चार खेपा झाल्या. ओव्हल मैदानासमोरच्या जुन्या सचिवालयात सिटी सिव्हिल कोर्ट आहे, तिथली लिफ्टची रांग मला पाठ झालीय. तू पैसे देशील तेव्हा पुरशिशीचं आधी लेखी ठरव, मगच चेक फाड.

सिबिलचं त्यानंतर. कोर्ट तिथं परस्पर काही कळवत नाही. खात्याची माहिती बँक पाठवते आणि बँकेच्या होकाराशिवाय सिबिल ती बदलत नाही. कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक अहवाल फुकट मिळतो, चारही काढ. एकीकडे दुरुस्ती झाली म्हणून दुसरीकडे झालीच असं नाही. फेडीची नक्कल जोडून तक्रार टाक. तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 2024 च्या एप्रिलपासून लागू आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे.

'सेटल्ड' आणि 'क्लोज्ड' यातला फरक मात्र विसरू नकोस. सूट घेऊन कमी भरलंस तर 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढचा बँकवाला नाक मुरडतो. हातात पैसे नसतील तर तेही चालेल, घर विकून 'क्लोज्ड' करू नकोस. सात वर्षांनी सगळं आपोआप पुसलं जातं म्हणतात, त्यावरही विसंबू नकोस. ही माहिती किमान सात वर्षं ठेवायची असा नियम आहे, सातव्या वर्षी काढून टाकायची असा नाही. आणि स्टेशनबाहेर 'सिबिल क्लीन' म्हणून पत्रकं वाटतात ना, त्यांच्या हातावर दमडी ठेवू नकोस.

सोमवारी मी सुट्टी टाकलीय. नऊ वाजता वडाळा रोडच्या तिकीट खिडकीशी भेट, गाडीनं सीएसएमटीला जाऊ. पाकीट, आधार आणि जुन्या खोलीची शेवटची भाडेपावती आण. समन्स निघालं तेव्हा तुम्ही तिथं राहत नव्हतात, हे त्या पावतीच्या तारखेवरून दाखवता येईल.