पळणे आणि खेळवणे : महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील गार्ड

आपल्या शाळेतून दहावी होऊन बाहेर पडणारी मुले पुढे यवतमाळ, पुसद, वणी किंवा अमरावती येथील महाविद्यालयांत प्रवेश घेतात. खेळाची ओढ असलेली मुले पहिल्या महिन्यातच तेथील मैदानावर दिसू लागतात. बास्केटबॉलच्या मैदानावर त्यांची वाटणी बहुधा एकाच नजरेत होते. उंच मुलगा बास्केटखाली उभा राहतो आणि बेताच्या उंचीच्या आपल्या मुलाला सांगितले जाते, "तू गार्ड. पळत राहा." याच सूचनेवर आम्ही महाविद्यालयातील तीन वर्षे काढली. ती किती अपुरी आहे हे आम्हाला एक सामना हरल्यावर कळले. शाळेच्या स्मरणिकेत त्याविषयी लिहिण्याचे कारण एवढेच, की आज वसतिगृहात असलेल्या मुलांना ते हरण्याआधी कळावे.

प्रथम गार्ड म्हणजे कोण ते पाहू. पाच खेळाडूंपैकी दोघे गार्ड असतात. पॉइंट गार्ड चेंडू आपल्या अर्ध्या मैदानातून पुढे नेतो, कोणता डाव मांडायचा हे ठरवितो आणि पहिला पास देतो. शूटिंग गार्ड दुरून बास्केट साधतो व सहकारी दडपणाखाली आला की चेंडू पुढे नेण्यास मदत करतो. आपल्याकडील आंतरमहाविद्यालयीन व आंतरविद्यापीठ सामने आंतरराष्ट्रीय नियमांनी होतात. चेंडू 8 सेकंदांत मध्यरेषेपलीकडे न्यावा लागतो आणि 24 सेकंदांत बास्केटकडे फेकावा लागतो. अमेरिकेतील पुरुषांच्या महाविद्यालयीन सामन्यांत हीच मुदत अनुक्रमे 10 व 30 सेकंदांची आहे. सामना दोन्हीकडे 40 मिनिटांचाच. म्हणजे घड्याळ नियमाने बांधलेले असले तरी त्या 24 सेकंदांपैकी पाच वापरायचे की वीस, हे पॉइंट गार्डच्या हाती राहते. खेळाची गती म्हणतात ती हीच.

ही गती मोजता येते, आणि त्यासाठी स्कोअरशीटशिवाय काही लागत नाही. संघाने मैदानातून केलेले एकूण फेक घ्यावेत. त्यातून आपणच परत मिळविलेले, म्हणजे आक्रमक रिबाउंड वजा करावेत. गमावलेले चेंडू मिळवावेत. आणि फ्री थ्रोच्या संख्येला 0.44 ने गुणून तेही मिळवावे. येणारी संख्या म्हणजे चेंडू अंदाजे किती वेळा आपल्या ताब्यात आला ती. समजा, 62 फेक, 10 आक्रमक रिबाउंड, 18 गमावलेले चेंडू आणि 20 फ्री थ्रो झाले. तर सुमारे 79 ताबे होतात. त्यांत 63 गुण झाले असतील तर दर ताब्याला 0.80 गुण पडले. दुसऱ्या सामन्यात 50 फेक, 8 रिबाउंड, 12 गमावलेले चेंडू आणि 15 फ्री थ्रो, म्हणजे सुमारे 61 ताबे, आणि गुण 55. येथे दर ताब्याला 0.90 पडले. फलकावर 63 मोठे दिसतात, पण आक्रमण दुसऱ्या दिवशी चांगले झाले. पहिल्या दिवशी संघ नुसता जास्त पळाला. आमच्या काळी हा हिशेब कोणी मांडला नाही, आणि 63 गुणांच्या सामन्यानंतर पाठ थोपटून घेण्यात आम्हीही मागे नव्हतो.

अमेरिकन महाविद्यालयांत या गतीची दोन टोके पाहावयास मिळतात. 1989-90 च्या हंगामात लोयोला मेरीमाउंट विद्यापीठाचा संघ चेंडू मिळताच काही सेकंदांत फेक करी. त्याची सरासरी एका सामन्याला 122.4 गुणांची होती. उलट टोनी बेनेट यांचा व्हर्जिनियाचा संघ सावकाश खेळण्यासाठी ओळखला जाई. 2018 मध्ये हाच अग्रमानांकित संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसीकडून 54-74 असा हरला. सावकाश खेळणारा संघ एकदा मागे पडला की भरपाईला त्याच्याजवळ ताबे उरत नाहीत. पुढच्याच वर्षी, 2019 मध्ये, त्याच पद्धतीने खेळून व्हर्जिनियाने विजेतेपद मिळविले. तेव्हा पद्धत बदलण्यापेक्षा ती केव्हा सोडावी व केव्हा धरावी हे ओळखणारे गार्ड असणे महत्त्वाचे, असे आम्हास वाटते.

आता आमचा सामना. समोरचा संघ उंच होता आणि सरावाने आमच्याहून पुष्कळ पुढे होता. तरीही शेवटची दोन मिनिटे उरली तेव्हा आम्ही पाच गुणांनी पुढे होतो. चेंडू आमच्या हातात होता आणि पॉइंट गार्ड आम्हीच होतो. तेव्हा 24 सेकंदांचा फलक नव्हता. टेबलावरील पंच स्टॉपवॉच धरून बसत. आम्ही दोन मिनिटे जिवाच्या आकांताने पळालो. चेंडू मिळाला की पाच सेकंदांत फेक, तो चुकला की परत धावत बचाव. सामना तीन गुणांनी हरलो. परतीच्या एसटीत कोणी बोलले नाही.

हिशेब नंतर मांडला. दोन मिनिटे म्हणजे 120 सेकंद. आम्ही दर ताब्याला पाच सेकंद घेत होतो आणि ते सुमारे दहा. म्हणजे दोघांनाही आठ-आठ संधी. आम्ही वीस सेकंद घेतले असते तर प्रत्येकी चारच झाल्या असत्या. पाच गुणांची पिछाडी आठ संधींत भरून काढणे सरस संघाला अवघड नसते. चार संधींत ते पुष्कळ कठीण होते. खेळ जितका लांबतो तितका सरस संघाचा सरसपणा वर येतो, म्हणून दुबळ्या संघाने ताबे कमी ठेवावेत. त्यांचे चार ताबे आम्ही आमच्या पायांनी वाढवून दिले.

खंत याची, की हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही. शाळेच्या मैदानावर कबड्डीत आघाडी असली की आमचा चढाईपटू तीसच्या तीस सेकंद रेषेपाशी रेंगाळून परत येई आणि बाहेर बसलेली मुले टाळ्या वाजवीत. वेळ काढणे हाही खेळ आहे, हे वसतिगृहातल्या लहान मुलालाही समजत होते. बास्केटबॉलच्या मैदानावर मात्र आम्हाला केवळ पळण्यासाठी घेतले आहे असे आम्ही मानून बसलो होतो आणि बरोबर आणलेली समज बाहेर ठेवली होती.

उंचीबद्दलही बोलले पाहिजे, कारण पालक हमखास विचारतात. मग्सी बोग्ज हा 5 फूट 3 इंचांचा खेळाडू वेक फॉरेस्ट विद्यापीठाचा पॉइंट गार्ड होता आणि पुढे एनबीएमध्ये 14 हंगाम खेळला. पण गार्ड ही बुटक्यांसाठी राखून ठेवलेली जागाही नव्हे. आपल्या मुलींनी पुण्याच्या शिरीन लिमये यांचा खेळ अवश्य पाहावा. त्या गार्ड म्हणून खेळल्या आणि भारतीय महिला संघाच्या कर्णधार झाल्या.

शाळेला साहित्य फारसे लागणार नाही. सकाळच्या वंदनेनंतर मैदानावर अर्धा तास मिळतो, तो पुरेसा आहे. पाच विरुद्ध पाच मुले खेळवावीत आणि बाहेर बसलेल्यांनी 24 पर्यंत मोठ्याने आकडे म्हणावेत. एका ताब्याला गार्डने "लवकर" म्हणावे, मग 7 च्या आत फेक व्हावा. पुढच्या ताब्याला "थांबा" म्हणावे, मग 18 पूर्वी कोणी फेक करू नये. कोणता शब्द उच्चारायचा हे गार्डनेच, गुणफलक पाहून, ठरवावे. शिक्षकांनी बाहेरून सांगू नये. प्रारंभी मुले "थांबा" म्हणायला लाजतात, असा आमचा अनुभव आहे. दर शनिवारी एका मुलाने वहीत ताबे मोजावेत. गणिताच्या सरांनी ती वही तपासली तर आणखी बरे, कारण 0.44 चा गुणाकार आम्हीही अनेकदा चुकवला आहे.