बिंदू कुणाच्या तरी शेतात पडतो

शुक्रवारी संध्याकाळी न्यूयॉर्कचा शेअर बाजार उघडला, की आमचा शनिवार-रविवार कुठे जाणार ते ठरतं. तिकडे उन्हाळी वेळ असेल तर आपल्याकडे तेव्हा सात वाजलेले असतात, एरवी आठ. डाऊ जोन्स निर्देशांकाचा सुरुवातीचा आकडा आला, की तो आणि तारीख एकत्र लिहायची आणि त्यावर एमडी५ नावाची गणिती प्रक्रिया करायची. निघालेल्या उत्तराच्या पहिल्या अर्ध्या भागातून अक्षांशाचे दशांश मिळतात, दुसऱ्यातून रेखांशाचे. आपण राहतो त्या एक अंश लांब-रुंद चौकोनाच्या पूर्ण अंशांना ते जोडले, की नकाशावर एक बिंदू उमटतो. तो कुणी निवडलेला नसतो. रँडल मन्रो या अमेरिकन व्यंगचित्रकाराने २००८च्या मे महिन्यात आपल्या ‘एक्सकेसीडी’ या चित्रमालिकेत ही रीत मांडली आणि जगभर लोक अशा बिंदूंकडे निघाले. या खेळाला जिओहॅशिंग म्हणतात. पश्चिम रेखांश ३०च्या पूर्वेला राहणाऱ्यांनी आदल्या दिवशीचा आकडा वापरायचा असा नियम आहे. आपल्या सोयीचाच आहे तो, कारण बाजार शनिवार-रविवारी बंद असल्यामुळे शनिवार, रविवार आणि सोमवार या तिन्ही दिवसांचे बिंदू शुक्रवारी रात्रीच कळतात.

पुण्याचा चौकोन १८ ते १९ उत्तर आणि ७३ ते ७४ पूर्व. दक्षिणोत्तर सुमारे १११ किलोमीटर, पूर्व-पश्चिम साधारण १०५. एवढ्यात पनवेल येतं, रोहा, माणगाव, महाड येतं, रायगड, राजगड, तोरणा येतात, मुळशी-पानशेत-भाटघरची पाणी येतात आणि या सगळ्याच्या मधून उभा सह्याद्री जातो. मुंबईकर मित्रांचं नशीब वेगळं. बोरिवली-वसई-पालघर ज्या चौकोनात आहेत त्याचा जवळपास तीन-चतुर्थांश भाग अरबी समुद्रात आहे, त्यामुळे त्यांना बहुतेक वेळा शेजारचा चौकोन घ्यावा लागतो.

हा नाद मला का लागला ते आधी सांगतो, कारण पुढे बरंच सावधगिरीचं येणार आहे आणि त्यावरून कुणी या वाटेला जाऊच नये असं मला वाटत नाही. सुट्टीच्या दिवशी पुण्यातून बाहेर पडणारा प्रत्येक जण त्याच दहा-बारा ठिकाणी जातो. लोहगडाच्या पायऱ्यांवर रांग लागते, लोणावळ्यात गाडी हलत नाही. बिंदू मात्र अशा जागी नेतो जिची शिफारस कुणीच करणार नाही. रोह्याच्या पुढे नाचणीचं एक उतारावरचं वावर, भोरकडे एका ओढ्याची कोरडी पुळण, कुठे वीटभट्टीमागचा माळ. तिथे पाहण्यासारखं म्हणून काही नसतं, म्हणून माणूस नीट पाहतो. लहान मुलं तर अशा जागी जास्त रमतात. एकट्याने जाण्यापेक्षा गटाने जावं असंही मी ठामपणे म्हणतो. पण गट घेऊन अनोळखी जागी जाणं ही जबाबदारी आहे आणि ती शुक्रवारी रात्रीच सुरू होते.

सगळ्यात मोठा धोका आहे तो सरळ रेषेतल्या अंतराचा. फोनवर ‘७०० मीटर’ असं दिसलं की माणसाला वाटतं, आलोच. देशावरच्या सपाटीत ते खरं असतं. घाटमाथ्यावर तसं नसतं. मुळशीच्या पश्चिमेला एकदा आमचा बिंदू कड्याखाली पडला होता. गाडी जिथे थांबली तिथून आडवं अंतर किरकोळ, पण मधे कोकणात कोसळणारी सह्याद्रीची भिंत. फेब्रुवारीतली दुपार होती. आम्ही कड्याच्या अलीकडे बसून डबे उघडले, फोटो काढले आणि बिंदू वरून पाहिला असं समजून परतायचं ठरवलं. तेवढ्यात दोघं जण पाण्याची बाटलीही न घेता बाजूच्या नाळेतून ‘जरा बघून येतो’ म्हणून खाली उतरले होते. अर्धा तास गेला, तास गेला. हाका मारल्या तर आमचाच आवाज परत यायचा. फोनला रेंज नव्हती. ऊन कड्याच्या वरच्या काठावर सरकायला लागलं, तसं बायका-मुलांना गाडीपाशी बसवून आम्ही जवळच्या धनगरवाड्यावर गेलो.

तिथल्या आजोबांनी दोनच प्रश्न विचारले: किती जण आणि कुठल्या नाळेतून. उत्तर ऐकून ते म्हणाले, “तिकडं वाट न्हाई, बाबा. गुरं बी जात न्हाईत.” मग पुतण्याला उठवलं, बॅटरी आणि दोर घेतला आणि आमच्यापैकी कुणालाही सोबत न घेता दोघं अंधारात उतरले. रात्री उशिरा सगळे वर आले. एकाचा घोटा सुजून फुगला होता, दुसऱ्याचे तळवे गवताचे बुडखे धरून धरून कापले होते. खाली जाताना घसरत गेलेला कातळ वर येताना चढता येईना, म्हणून ते एका अरुंद पट्टीवर बसून राहिले होते. तिथेच बसून राहिले, म्हणून वाचले. अंधारात वाट शोधत फिरले असते तर काय झालं असतं, याचा विचार आजही नकोसा वाटतो. आजोबांनी पैसे घेतले नाहीत. नंतर आम्ही मुद्दाम जाऊन त्यांच्या घरच्यांना भेटून आलो.

त्या रात्रीनंतर आमच्या गटात काही गोष्टी वादाच्या राहिल्या नाहीत. निघण्याआधीच परतीची वेळ ठरते. हिवाळ्यात साडेतीन, बाकीच्या दिवसांत चार. त्या क्षणी बिंदू पन्नास मीटरवर असला तरी सगळे मागे फिरतात. ही वेळ घरून निघताना ठरवायची, जागेवर नाही. जागेवर प्रत्येकाला ‘एवढंच तर राहिलंय’ असं वाटतंच. सर्वांत पुढे एक आणि सर्वांत मागे एक, दोघंही अनुभवी. मागच्याच्या मागे कुणी थांबत नाही, लघवीला जायचं असलं तरी सांगून. गट फुटला तर बिंदू रद्द. आणि गाडीपाशी एक माणूस थांबतो, ज्याच्याकडे सगळ्यांची नावं, घरचे नंबर आणि गेलेल्या दिशेची नोंद असते. त्याच्या फोनला रेंज असली पाहिजे, मग गाडी अर्धा किलोमीटर मागे लावावी लागली तरी चालेल. ११२ आणि १०८ हे मदतीचे क्रमांक सगळ्यांना पाठ असतात, पण ते लागायला रेंज लागते, हे डोंगरात गेल्यावरच आठवतं.

शुक्रवारी रात्री मी पहिलं काम करतो ते समोच्च रेषांचा नकाशा उघडण्याचं. रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या की तो कडा आहे. पुढे उपग्रहचित्र पाहण्याचीही गरज नाही. दुसरं काम धरणांचं पाणी पाहण्याचं. मुळशी, पानशेत, वरसगाव, भाटघर इथे बिंदू पाण्याच्या पलीकडच्या काठावर पडला तर रस्ता दाखवणारं ॲप तुम्हाला अलीकडच्या काठावर आणून सोडतं आणि ‘पोहोचलात’ म्हणतं. पलीकडे जायला कधी कधी दोन तासांचा वळसा असतो. उन्हाळ्यात पाणी उतरलेलं असतं तेव्हा काठचा गाळ वरून सुकलेला दिसतो आणि आत पाय रुततो. बुडालेल्या गावांची शेतं आहेत ती. त्यावरून चालत जायचा मोह मी कुणालाही होऊ देत नाही.

बुडालेली गावं म्हटलं की मला जमिनीचा विषय टाळता येत नाही. खरं सांगायचं तर हा लेख मी त्यासाठीच लिहायला घेतला. आपण म्हणतो बिंदू कुणी निवडलेला नाही, म्हणून तो कुणाचाच नाही, असं नकळत गृहीत धरतो. तसं कधीच नसतं. मावळात एकदा आम्ही सात-आठ जण फोन हातात धरून, पडद्याकडे पाहत, एकमेकांना आकडे सांगत भातखाचरांच्या बांधावरून चाललो होतो. कापणी होऊन गेलेली. वरच्या अंगाला गवत कापणारी एक बाई विळा हातात घेऊन उभी राहिली आणि तिने विचारलं, “मोजणीला आलात का?” तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. आम्ही नाही म्हणालो, पण तोवर तिने घराकडे हाक दिली होती आणि पाच मिनिटांत बांधावर माणसं जमली.

त्यांचं काय चुकलं? पुण्याभोवतीच्या रिंगरोडसाठी मावळ, मुळशी, हवेली, खेड, भोर, पुरंदर या तालुक्यांत जमिनी घेतल्या जात आहेत. पुरंदरला विमानतळासाठी होणाऱ्या ड्रोन सर्वेक्षणाला गावांनी २०२५मध्ये कडाडून विरोध केला. आणि मुळशीत तर धरणाविरुद्ध १९२१मध्येच सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यात उतरले, तरी गावं पाण्याखाली गेलीच. शहरातून आलेल्या अनोळखी माणसांनी आपल्या वावरात उभं राहून आकडे वाचणं याचा अर्थ इथल्या घराघरांत ठाऊक आहे. आमच्यासाठी जो खेळ होता, तो त्या बाईसाठी जमीन जाण्याची खूण होती. त्या दिवशी एका वयस्कर काकांनी आमची चौकशी केली, मुलं सोबत आहेत हे पाहिलं आणि विषय मिटला. चहाही झाला. मुलं सोबत नसती तर तो इतक्या सहज मिटला असता असं मला वाटत नाही.

म्हणून आता आम्ही आधी गावात जातो, मग बिंदूकडे. देवळापाशी, दुकानापाशी, नाहीतर पहिल्या घरापाशी थांबायचं, गाडीतून उतरून रामराम करायचा आणि खरं ते सांगायचं. ‘शेअर बाजाराचा आकडा’ वगैरे सांगत बसू नये, “नकाशावर चिठ्ठी टाकून एक जागा निघाली, ती पाहायला आलोय, इथून पुढे कुणाचं रान आहे?” एवढं पुरतं. चिठ्ठी टाकणं सगळ्यांना कळतं. ज्याचं रान आहे त्याला विचारल्याशिवाय पाय टाकायचा नाही आणि तो नको म्हणाला तर कारण विचारायचं नाही. फोन खिशात ठेवायचा, एकानेच बघायचा. लेझर, टेप, तिवई, नारिंगी जाकीट असलं काही नको. ड्रोन तर कधीच नाही. महाभूनकाशावर गट नंबर पाहून जमीन कुणाची ते घरबसल्या शोधता येतं हे खरं, पण मी ते करत नाही. अनोळखी माणसाने येऊन गट नंबर सांगितला तर समोरच्याच्या पोटात गोळाच येईल.

विचारण्याचा आणखी एक फायदा आहे आणि तो जिवाचा आहे. रानडुकरं पिकात घुसू नयेत म्हणून काही ठिकाणी रात्री कुंपणाच्या तारेत वीज सोडतात. बेकायदा आहे, तरी सोडतात. कुठल्या तारेला हात लावायचा नाही, कुठल्या झाडावर आग्या मोहोळ आहे, कुठल्या विहिरीला कठडा नाही, हे गावातलं माणूस एका वाक्यात सांगतं. देवराई कुठे सुरू होते हेही तेच सांगतं. देवराईत बिंदू आला तर आम्ही कडेलाच थांबतो, आत चपला घालून हिंडत नाही, वाळकी काडीसुद्धा उचलत नाही.

लष्कराची जागा, विमानतळाची भिंत, दारूगोळ्याचं कोठार, कंपनीचं आवार: इथे प्रश्नच नाही. लोहगाव, खडकवासला, देहूरोड या बाजूला बिंदू पडला की तो दिवस सोडायचा. ताम्हिणीचं अभयारण्य किंवा इतर राखीव जंगल असेल तर वनखात्याच्या चौकीवर आधी विचारायचं.

पावसाळ्याबद्दल मी कडक आहे. ३० जून २०२४ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एक कुटुंब वाहून गेलं, पाच जीव गेले. ती लोकांच्या रोजच्या येण्याजाण्याची जागा होती. आपण तर अशा ओढ्यांकडे जाणार, ज्यांचं पाणी किती वेळात चढतं हे आपल्यापैकी कुणीच पाहिलेलं नाही. जून ते सप्टेंबर घाटमाथ्यावरचा आणि त्याच्या पायथ्याचा प्रत्येक बिंदू आम्ही सोडतो. भाताची लावणी झालेली असते, बांध ओले असतात. माणसांच्या रांगेने बांध फुटला तर कुणाचं तरी वर्षाचं पीक जातं. एप्रिल-मे महिन्यांत वाळक्या गवतात स्टोव्ह पेटवायचा नाही, विडी-सिगारेटही नाही. वणवा लागायला एवढं पुरतं.

नवख्यांसाठी आकड्यांबद्दल एक गोष्ट. १८.५० म्हणजे १८ अंश ३० मिनिटं, १८ अंश ५० मिनिटं नव्हे. हा फरक वीस मिनिटांचा, म्हणजे जमिनीवर ३७ किलोमीटरचा. गटातल्या दोन गाड्या वेगवेगळ्या तालुक्यांत पोहोचायला एवढं बस होतं. म्हणून आकडे हाताने टाइप न करता नकाशावरची खूणच सगळ्यांना पाठवावी आणि त्यासोबत जवळच्या गावाचं नाव लिहावं. गावाचं नाव सर्वांत महत्त्वाचं. रेंज गेली तरी ते विचारत जाता येतं.

शनिवार आणि रविवारचे दोन्ही बिंदू शुक्रवारीच हातात असतात, त्यांतला कुठला घ्यायचा हे गटातल्या सर्वांत कमी चालू शकणाऱ्या माणसाला विचारून ठरवावं. आमच्याकडे तो मान एका मावशींना आहे. गुडघे दुखतात त्यांचे, पण यायचं असतं. त्या नकाशा मागवून घेतात, समोच्च रेषा आता त्यांना छान वाचता येतात, आणि रात्री दहाच्या आत त्यांचं उत्तर येतं. दोन्ही नको म्हणाल्या, तर आम्ही त्या आठवड्यात घरी राहतो.