मातीचा मणी

माती फुकट मिळते. मातीचा मणी मात्र फुकट होत नाही. त्याला हात लागतात, वेळ लागतो आणि धीर लागतो. मणी कसा करावा आणि केलेल्या मण्याचा भाव कसा ठरवावा, हे या धड्यात पाहू.

मातीचे दागिने ही आजची टूम नव्हे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने एक जुनी वस्ती खणून काढली. ती वस्ती सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची. तेथे भाजलेल्या मातीचे मणी मिळाले. इतके पावसाळे गेले, तरी ते विरघळले नाहीत. कारण ते भाजलेले होते. कच्चा मणी पाण्यात गेला की त्याचा चिखल होतो. भाजलेला मणी पिढ्यान् पिढ्या टिकतो.

आमच्या आळीत एक बाई आहेत. जन्मभर त्यांनी मजुरी केली. पुढे गुडघे धरले. बसून करता येईल असे काम हवे, म्हणून त्या मातीच्या माळा करू लागल्या. एके दिवशी पदरात मण्यांचे तुकडे घेऊन आल्या.

“गुरुजी, दहा मणी भाजले तर सहा फुटतात. माझ्या हातालाच गुण नाही.”

मी म्हणालो, “बाई, हाताचा दोष नाही. घाईचा आहे. माझंही असंच झालं होतं.”

शाळेत मी हस्तव्यवसायाचा तास घेत असे. मुलांनी आठवडाभर खपून मणी केले. मी ते ओलसर असतानाच भट्टीत घातले. निम्म्या मण्यांच्या खापऱ्या झाल्या. मुलांची तोंडे एवढीशी झाली. मग कुंभारवाड्यातल्या एका म्हातारीने मला चूक दाखवली. तिने सांगितले तेच तुम्हांला सांगतो.

माती कशी घ्यावी?

नुसती काळी माती घेऊ नये. ती पाण्याने फुगते आणि वाळताना फार आकसते. म्हणून तिला भेगा जातात. कुंभार वापरतात ती माती घ्यावी. ती वाळवून कुटावी आणि पातळ फडक्याने गाळावी. खडा राहू देऊ नये. मग भिजवून, कणकेसारखी खूप मळावी. मळताना आतली हवा निघून जाते. मातीची करंगळीएवढी वळी करून बोटाला गुंडाळून पाहावी. वळी चिरली तर थोडे पाणी लावून आणखी मळावी.

मणी कसा वळावा?

सगळे गोळे सारखे घ्यावेत. तळहातांवर हलके वळावेत. थोडे सुकले की दाभणाने भोक पाडावे. भोक जरा मोठेच ठेवावे, कारण माती वाळताना आकसते आणि भोकही लहान होते. मणी चामड्यासारखा घट्ट झाला की गुळगुळीत गोट्याने घासावा. त्याने चकाकी येते.

वाळवावा कसा?

येथेच बहुतेकांचे चुकते. मणी उन्हात ठेवू नये. उन्हात वरची साल आधी वाळते आणि आकसते. आतला गाभा ओलाच राहतो. मग साल तडकते. सावलीत तीन-चार दिवस ठेवावा. दमट हवेत जास्त दिवस लागतात. मणी गालाला लावून पाहावा. गार लागला तर आत ओल आहे असे समजावे.

भाजावा कसा?

मणी लहान मडक्यात ठेवावेत. भोवती गोवऱ्या रचाव्यात. आधी मंद आच द्यावी. आत ओल राहिली तर तिची वाफ होते. वाफेला वाट मिळाली नाही, की ती मणी फोडते. म्हणून पहिला तासभर घाई नको. मग जाळ वाढवावा. भट्टी रात्रभर आपोआप निवू द्यावी. तापल्या मण्यावर पाणी टाकू नये. मातीत लोह असते. वारा मिळाला तर मणी लाल होतो. मडके झाकून धूर कोंडला तर तोच मणी काळा होतो. रंग विकत न घेता दोन रंग मिळतात.

एक सावधगिरी सांगतो. शहरातल्या दुकानांत ‘पॉलिमर क्ले’ नावाची रंगीत माती मिळते. तिचेही दागिने छान होतात. पण ती खरी माती नव्हे, प्लास्टिकचा प्रकार आहे. ती विजेच्या भट्टीत मंद आचेवर, बहुधा ११० ते १३० अंशांवर भाजतात. ती चुलीत किंवा गोवऱ्यांत कधीही घालू नये. ती जळते आणि तिचा धूर विषारी असतो.

पुढे बाईंचे मणी फुटेनासे झाले. पण हातात पैसा दिसेना. मी विचारले, “माळ कितीला देता?”

“चाळीस रुपयांना. व्यापारी म्हणतो, मातीला कसला आलाय भाव?”

बाई नुकत्याच लिहायला शिकल्या होत्या. मी त्यांच्या हाती पाटी दिली. त्यांनी एका माळेचा हिशेब मांडला.

दोरा आणि गोंडा : १० रुपये
रंग : ५ रुपये
जळण : ५ रुपये
फुटीची तूट : ५ रुपये
एकूण : २५ रुपये

चाळिसातून पंचवीस गेले. उरले पंधरा. एका माळेला तीन तास लागतात. म्हणजे तासाला पाच रुपये पडले!

बाई पाटीकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे गुरुजी, माती फुकट होती, आणि मीही फुकटच राबले.”

त्यांनी तासाला ४० रुपये मजुरी धरली. तीन तासांचे १२० झाले. त्यात खर्चाचे २५ मिळवले. बेरीज १४५ आली. त्यांनी भाव ठरवला १५० रुपये. व्यापारी हसून निघून गेला. दोन बाजार एकही माळ खपली नाही. घरचे म्हणू लागले, “दे चाळीसला.” बाई बधल्या नाहीत. जत्रेत त्यांनी स्वतः पथारी मांडली. तेथे चार माळा गेल्या. फार नव्हेत. पण त्या चारांत जे हाती आले, ते पूर्वी पंधरा माळांत येत होते.

ती पाटी त्यांनी अजून पुसलेली नाही.

प्रश्न

१. मणी उन्हात का वाळवू नये?
२. एकाच मातीचे लाल आणि काळे मणी कसे होतात?
३. पॉलिमर क्ले चुलीत का घालू नये?
४. तुम्ही घरी टोपली, गोधडी किंवा पापड करीत असाल. त्याचा हिशेब वरीलप्रमाणे लिहून काढा. त्यात आपली मजुरी धरायला विसरू नका.