सैन्यभरती : घेणे आणि ठेवणे

सैन्याविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा रणांगणाविषयी असते. परंतु शिपाई कोठून आणायचा आणि आणलेला किती दिवस ठेवायचा, हा प्रश्न रणांगणाच्या आधीचा आहे. प्रस्तुत लेखापुरता मी तोच घेतला आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातच सापडते, ते महार शिपायांचे. कंपनी सरकारच्या मुंबई सैन्यात त्यांची भरती मोठ्या प्रमाणावर होत असे. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईचा जो स्तंभ भीमेकाठी उभा आहे, त्यावरील अनेक नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. पलटणीत पगार होता, पेन्शन होती, आणि शिक्षणही होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. गावच्या शाळेचे दार अस्पृश्यांना बंद असताना छावणीत अक्षरओळख होत होती. आमच्या घरात कॉलेजची पायरी प्रथम मीच चढलो, म्हणून असेल, या गोष्टीचे मोल मला लढाईपेक्षा अधिक वाटते.

पुढे इंग्रजांनी ‘लढवय्या जाती’ ठरविल्या आणि १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत महारांची भरती बंद केली. शौर्य काही आटले नव्हते! गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज तयार केला; शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली पुन्हा दाद मागितली. उपयोग झाला नाही. मात्र पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडताच १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. गरज सरो नि वैद्य मरो, यापेक्षा वेगळे काय? दुसऱ्या महायुद्धात, जुलै १९४१ मध्ये, बाबासाहेब संरक्षण सल्लागार मंडळावर गेले. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट स्थापन झाली. ती टिकली.

आपल्या मराठवाड्याची कथा निराळी. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. हैदराबाद कंटिन्जंटच्या छावण्या हिंगोलीला, औरंगाबादला, इतकेच नव्हे तर जवळच्या मोमिनाबादला, म्हणजे अंबाजोगाईलाही होत्या. त्या फौजेच्या पायदळातून पुढे हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ साली तिचे नाव कुमाऊँ पडले. छावणी आमच्या दारात, नाव हिमालयाचे!

आता आजचा प्रश्न. रेणापूरहून अंबाजोगाईकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे मुले धावतात. त्यांत माझे वर्गमित्र आहेत. कोरडवाहू शेतीत दोन भावांचे भागत नाही, म्हणून एकाने धावायचे. देशप्रेम नाही असे नव्हे, पण सोयाबीनचा भावही त्यांना धावायला लावतो. करोनामुळे दोन वर्षे लष्करभरती झालीच नाही, आणि १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. साडेसतरा ते एकवीस वयाची मुले, सेवा चार वर्षांची, प्रारंभी मासिक ३० हजार, अखेरीस ४० हजार. त्यातून ३० टक्के कापून सरकार तेवढीच भर घालते, आणि शेवटी सुमारे पावणेबारा लाख हाती येतात. जास्तीत जास्त २५ टक्के मुले कायम होतात. उरलेल्यांना ना पेन्शन, ना ग्रॅच्युइटी, ना माजी सैनिकाचा दर्जा.

सरकारची अडचण मी समजू शकतो. पेन्शनचा बोजा वाढतो आहे आणि फौज तरुण हवी आहे. पण पूर्वी जवान पंधरा वर्षे पुरी करून पेन्शन घेऊन येई, आणि हुद्दा कोणताही असो, गाव त्याला ‘मेजर’ म्हणे. त्याच्या शब्दावर सोयरीक जमे. बावीस-तेविसाव्या वर्षी परतणाऱ्याला गाव काय म्हणणार? त्याच्या वयाचे आम्ही तोवर पदवी घेऊन बसलेलो असू, हे खरे. नोकरी मात्र आम्हांलाही शोधायचीच असेल.

पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस व २०२३ च्या प्रारंभी दाखल झाली. तिची चार वर्षे २०२६-२७ मध्ये भरतात.