आधी कोणाकडे जाल? : परिचारिकांच्या एनक्लेक्स परीक्षेविषयी

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी रोगनिदानावर किंवा एखाद्या नव्या उपचारपद्धतीवर लेख असतात. यंदा मी परिचारिकांच्या एका परीक्षेविषयी लिहीत आहे, त्याचे कारण प्रथम सांगतो. हैदराबाद-सिकंदराबादेत रुग्णालय चालविणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांच्या अनुभवाची गोष्ट आहे : अतिदक्षता विभागात दोन-तीन वर्षांत उत्तम तयार झालेली सिस्टर रात्रपाळीत थोडी उसंत मिळताच प्रश्नसंच उघडून बसलेली दिसते. त्यांत केरळच्या आणि तेलुगू मुली असतात, तशा देगलूर, उदगीर, नांदेड, बिदरकडून शिकायला आलेल्या आपल्या मराठी मुलीही आता असतात. त्यांचे आईवडील ओळख काढून भेटायला येतात आणि विचारतात, "डॉक्टरसाहेब, ही अमेरिकेची परीक्षा म्हणजे नेमके काय? एजंट पैसे मागतो आहे, द्यावेत का?" उत्तर नीट देता यावे म्हणून मी या परीक्षेचा अभ्यासक्रम आणि नमुना प्रश्न वाचून काढले. वाचता वाचता लक्षात आले की या विषयाचा संबंध परदेशी जाणाऱ्या मुलींपेक्षाही आपल्या वॉर्डाशी अधिक आहे.

मराठी मध्यमवर्गाला हा व्यवसाय मनापासून स्वीकारायला फार वेळ लागला. पुण्यात १९०९ साली सेवासदन सुरू झाल्यावर रमाबाई रानड्यांनी स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास प्रवृत्त केले, तेव्हा त्यांना समाजाच्या पूर्वग्रहाशी झगडावे लागले होते. आज तीच घरे मुलीला, आणि क्वचित मुलालाही, बी.एस्सी. नर्सिंगला घालतात, हा मोठाच पालट आहे. परंतु परदेशातील पगाराचा आकडा ऐकून घातले, तर पुढील वाट कशी आहे हेही माहीत असायला हवे.

आपल्याकडे विद्यापीठाची किंवा परीक्षा मंडळाची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाली की राज्याच्या नर्सिंग परिषदेकडे नोंदणी होते. एम्सची २०२० पासून होणारी नॉरसेट ही नोकरभरतीची परीक्षा आहे, परवान्याची नव्हे. अमेरिकेत पदवी वेगळी आणि परवाना वेगळा. तेथे परिचारिकांच्या नोंदणीचा पहिला कायदा १९०३ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्याने केला. आजची परीक्षा एनक्लेक्स-आरएन या नावाने १९८२ पासून घेतली जाते. पूर्वी ती कागदावर, दोन दिवस चालत असे; एप्रिल १९९४ पासून ती संगणकावर आली. २००५ पासून ती अमेरिकेबाहेरही देता येऊ लागली आणि पुढे भारतातही तिची केंद्रे झाली. आपल्या हैदराबादेत केंद्र आहे, ही येथल्या मुलींची मोठी सोय. कॅनडाने २०१५ पासून हीच परीक्षा स्वीकारली. ऑस्ट्रेलियानेही २०२० पासून परदेशी शिक्षण घेतलेल्या अनेक परिचारिकांसाठी ती लागू केली असून तेथे तिच्या जोडीला प्रत्यक्ष कौशल्याची परीक्षा असते.

संगणकाची पद्धत समजून घेण्याजोगी आहे, कारण तिच्याविषयी मुलींमध्ये विलक्षण समज-गैरसमज आहेत. प्रत्येक उत्तरानंतर संगणक परीक्षार्थीच्या क्षमतेचा नव्याने अंदाज बांधतो आणि त्यानुसार पुढचा प्रश्न निवडतो. बरोबर उत्तर दिले की प्रश्न अवघड होतात, चुकले की सोपे. त्यामुळे हुशार मुलीलाही सतत वाटत राहते की आपले निम्मे चुकते आहे. मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. एप्रिल २०२३ पासूनच्या रचनेत कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न असतात, वेळ पाच तासांचा. यांतील १५ प्रश्न केवळ चाचणीसाठी घातलेले असून त्यांचे गुण धरले जात नाहीत. आपली क्षमता उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर किंवा खाली आहे, अशी ९५ टक्के खात्री झाली की संगणक थांबतो. ८५व्या प्रश्नाला पडदा बंद झाला म्हणून एक मुलगी आमच्या विभागात रडत आली आणि दुसरी पेढे घेऊन आली. दोघींनीही घाई केली, कारण इतक्या लवकर थांबणे या दोन्ही अर्थांनी घडू शकते. अनुत्तीर्ण झाल्यास साधारणपणे ४५ दिवसांनी पुन्हा बसता येते.

आता प्रश्नांकडे वळू. समजा, अशी चार मुले वॉर्डात आहेत. पहिल्याचा कान दुखतो, ताप ३८.९ अंश सेल्सिअस आहे आणि ते किंचाळून रडते आहे. दुसऱ्याला दम्यासाठी नेब्युलायझेशन चालू आहे, ऑक्सिजनचे प्रमाण ९५ टक्के आहे. तिसऱ्याला जुलाब होत आहेत आणि सलाईन संपत आले आहे म्हणून आई दोनदा हाक मारून गेली आहे. चौथ्याचे टॉन्सिल चार तासांपूर्वी काढले आहेत. ते शांत पडून आहे, फक्त वारंवार आवंढा गिळते आहे. प्रश्न एवढाच : सिस्टर आधी कोणाकडे जाईल?

बालरोगतज्ज्ञांना उत्तर सांगायला नको. वारंवार आवंढा गिळणारे मूल कदाचित घशातून वाहणारे रक्त गिळत असते आणि ते शांत असते म्हणूनच मागे राहते. परंतु गजबजलेल्या वॉर्डात, जो ओरडेल त्याच्याकडे आधी धाव घेण्याची सवय लागलेल्या मुलीचा हात पहिल्या मुलाकडे किंवा तिसऱ्याच्या आईकडे जातो. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव होऊ शकतो हे तिने पुस्तकात वाचलेले असते, लेखी परीक्षेत दहा ओळींत लिहिलेलेही असते. एनक्लेक्स तिला त्या दहा ओळी विचारत नाही. चार कामे एकदम समोर आली असता पहिले पाऊल कोठे पडेल, हे ती विचारते.

मी निलोफर रुग्णालयात निवासी डॉक्टर होतो तेव्हाच्या एका ज्येष्ठ हेड सिस्टर मला येथे आठवतात. सकाळी वॉर्डात शिरताच त्या तीस-चाळीस खाटांवरून एक नजर फिरवीत आणि म्हणत, "डॉक्टर साब, पहले ये बच्चे को देखो." अशा वेळी त्यांचा अंदाज चुकलेला मला आठवत नाही. त्यांनी एनक्लेक्सचे नावही ऐकले नसेल. परंतु ही परीक्षा ज्या गुणाला परवाना देऊ पाहते, तो हाच. तो मुळात पाठ्यपुस्तकातून येत नाही. वॉर्डात कोणीतरी "तुला काय वाटते?" असे विचारत गेल्याने येतो.

अलीकडच्या परीक्षेत यासाठी प्रकरणे देतात. नऊ महिन्यांचे बाळ, दोन दिवस उलट्या-जुलाब. पडद्यावर परिचारिकेची टिपणे, नाडी-श्वासाच्या नोंदी, रक्ताचे अहवाल वेगवेगळ्या पानांवर असतात. ताप ३७.६, नाडी १७८, बोट दाबून सोडल्यावर रंग परत यायला चार सेकंद, आठ तासांत लघवी नाही, मोठ्या बहिणीला सर्दी. यांतले महत्त्वाचे काय, त्यावरून कोणता धोका संभवतो, सर्वांत तातडीचा कोणता, त्यावर काय करता येईल, आधी काय करायचे आणि तासाभराने बाळ सुधारले हे कशावरून ठरवायचे, असे एकाच बाळाविषयी सहा प्रश्न येतात. काही प्रश्नांत अंशतः बरोबर उत्तरालाही गुण मिळतात. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही असे प्रश्न घालावेत, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आपल्या मुली हुशार असूनही जेथे अडखळतात, त्या जागा माझ्या पाहण्यात तीन आहेत. पहिली औषधांच्या नावांची. आपण वॉर्डात सर्रास कंपनीचे नाव घेतो, परीक्षेत मूळ औषधाचे नाव असते आणि तेही अमेरिकेत रूढ असलेले. पॅरासिटामॉल तेथे अ‍ॅसिटामिनोफेन होते, सालब्युटामॉल अल्ब्युटेरॉल, अ‍ॅड्रिनलिन एपिनेफ्रिन आणि पेथिडिन मेपेरिडिन. मूल कधी पौंडांत तोलले जाते आणि मात्रा मात्र किलोमागे काढायची असते, २.२ ने भागायचे विसरले की मात्रा दुपटीहून अधिक होते.

दुसरी जागा काम सोपविण्याची. तेथे नोंदणीकृत परिचारिकेच्या हाताखाली प्रॅक्टिकल नर्स आणि मदतनीस असतात. रुग्णाला पुसून घेणे, चालविणे, स्थिर रुग्णाचे तापमान मोजणे हे मदतनिसाला सांगता येते. रुग्णाची स्थिती पारखणे, त्याला शिकविणे, उपचाराचा परिणाम ठरविणे हे परिचारिकेला दुसऱ्यावर टाकता येत नाही. आपल्याकडे आया, वॉर्डबॉय, सिस्टर आणि रुग्णाचे नातेवाईक यांच्या कामांच्या सीमा इतक्या धूसर असतात की या प्रश्नांना सरावाने उत्तर देणारी मुलगी चुकते, हे नवल नव्हे.

तिसरी जागा मला सर्वांत विचार करायला लावणारी वाटली. आई रडत असते, विचारते, "माझे बाळ वाचेल ना?" उत्तराच्या पर्यायांत एक असतो : "काळजी करू नका, सगळे ठीक होईल." आपली प्रत्येक मुलगी तो निवडते, कारण आपल्या घरात, शेजारात, दवाखान्यात हेच बोलले जाते आणि ते प्रेमाने बोलले जाते. एनक्लेक्समध्ये ते उत्तर चूक ठरते. जे आपल्या हातात नाही त्याची हमी देऊ नये. आईला कशाची भीती वाटते हे तिला बोलू द्यावे, अशी तेथील अपेक्षा. मला हे पूर्णपणे पटते असे नाही. आपल्या माणसांना खांद्यावरचा हात लागतो. परंतु "ठीक होईल" म्हणून आपण पुष्कळदा तिचा प्रश्नच मिटवून टाकतो, हेही तितकेच खरे. तसेच प्रौढ रुग्णाचा आजार त्याला न सांगता थोरल्या मुलाला बाहेर बोलावून सांगणे, ही आपली रीत तेथे गोपनीयतेचा भंग ठरते.

म्हणून तयारी कशी करावी, असे विचारणाऱ्या मुलींना मी सांगतो की चार-सहा महिने रोज ठरावीक प्रश्न सोडवा, पण चुकलेल्या प्रश्नाचे स्पष्टीकरण प्रश्नापेक्षा अधिक वेळ वाचा. बरोबर उत्तर का बरोबर, यापेक्षा उरलेले तीन का मागे, हे वहीत मराठीत लिहा. मातृभाषेत कारण लिहिता आले की ते समजले असे धरावे. आणि ड्यूटीवर येताना हस्तांतर घेतल्यावर मनाशी रोज ठरवा : माझ्या सहा रुग्णांत आज आधी कोणाकडे जाईन?

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. ज्या राज्याचा परवाना हवा त्याच्या मंडळाकडे अर्ज करावा लागतो आणि अनेक राज्ये शिक्षणाची पडताळणी दुसऱ्या संस्थेकडून मागतात. त्यांतील जुनी सीजीएफएनएस ही संस्था २०२५ पासून ट्रूमेरिट नावाने ओळखली जाते. कॉलेजने आणि नर्सिंग परिषदेने कागद थेट पाठवायचे असतात. औषध-शल्य, प्रसूती, बालरोग आणि मनोरोग या विषयांचे तास वेगवेगळे दाखवावे लागतात. पालकांनी हे मात्र नीट ऐकावे : परीक्षा उत्तीर्ण होणे म्हणजे व्हिसा नव्हे. भारतात जन्मलेल्यांसाठी अमेरिकेच्या कायम वास्तव्याच्या व्हिसाची रांग अनेक वर्षांची आहे. परीक्षेचा अर्ज मुलीला स्वतः भरता येतो. ती "पास करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नये. नोकरीच्या करारात मुदतीआधी सोडल्यास किती दंड, हे कलम सही करण्यापूर्वी वाचून घ्यावे.

शेवटी पहिल्या नोकरीविषयी. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन परिचारिका-अभ्यासिकेने १९८४ मध्ये परिचारिका नवशिकेपणापासून तज्ज्ञतेपर्यंत पाच पायऱ्या चढते असे मांडले. पदवी घेऊन आलेली मुलगी नियमांनी चालते. नियम कोठे सोडायचा हे कळायला अनुभव आणि शेजारी उभी असलेली ज्येष्ठ सिस्टर लागते. तेथील रुग्णालयांत नव्या परिचारिकेला काही आठवडे, अतिदक्षतेत काही महिनेही, अशा मार्गदर्शक सिस्टरबरोबर काम देतात. आपल्याकडील लहान रुग्णालयांत तिसऱ्या रात्री तिच्याकडे एकटीकडे वॉर्ड असतो. काही ठिकाणी तर मुलगी सोडून जाऊ नये म्हणून तिची मूळ प्रमाणपत्रे कपाटात अडकवून ठेवतात. याने मुली थांबत नाहीत, फक्त कडवट होऊन जातात.

आमच्या नवजात विभागात काही वर्षांपासून नवी सिस्टर पहिले तीन महिने रात्री एकटी नसते. सकाळच्या फेरीत प्रत्येक बाळाची माहिती आधी ती देते, मग निवासी डॉक्टर. सुरुवातीला ती केवळ आकडे वाचते. हळूहळू आकड्यांपुढे "मला हे बाळ आज बरे वाटत नाही" असे येऊ लागते आणि आम्ही तेथे थांबतो. तिने एनक्लेक्स दिली तर अनुभवाचा दाखला, हव्या त्या नमुन्यात, आठवड्याच्या आत तिच्या हातात पडतो. गेल्या तीन वर्षांत चौघींनी परीक्षा दिली, तिघी उत्तीर्ण झाल्या. त्यांतील एक ऑस्ट्रेलियात आहे, एक व्हिसाच्या रांगेत आहे. तिसरीने घरच्या कारणाने जाणे रद्द केले. सध्या नव्या मुलींना रात्री सोबत करण्याचे काम तिच्याकडे आहे.